वय २० झालं तरी अंग भरंना, दाढी बी नाही, आता अजून काही बदल होतो का?

पूर्णाकाठचा
राम राम मंडळी. मूळचा परभणी जिल्ह्यातला, सध्या संभाजीनगरला रूम करून पोलीस भरतीची तयारी करायलो. उंची १६७, वजन ५०. भरतीला १६५ उंची लागते ती आहे पण छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून ५ वाढली पाहिजे, तिथंच अडायलंय. सोबतचे पोरं बारावीनंतर एकदम गडी दिसायलेत, खांदे रुंद, दाढी भरगच्च, आणि मला हनुवटीवर चार केस. गावाकडं गेलं की आजी म्हणती लेकरू वाळून गेलं. त्यात जिममधला एक जण मागं लागलाय की नॅचरल किती दिवस करतो, एक सायकल मार, म्हणजे काही आठवडे पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घे, मी आणून देतो. खरं सांगा, विशीनंतर शरीर बदलतं का, का जे व्हायचं ते होऊन गेलं? घरून पैसे मोजके येतात, महागाचे प्रोटीन पावडरचे डबे सांगू नका.

मांजराकाठ_लातूर
बदलतं भावा, लई बदलतं. माझं आता २७ चालू आहे, कॉलेजच्या आयकार्डवरचा फोटो दाखवला तर कुणी ओळखत नाही. गालाची दाढी मला तेविशीनंतर जुळली, तोवर नुसती हनुवटीवर होती. आमच्या घरात बापाची, चुलत्याची सगळ्यांचीच उशिरा आली, तू बी घरातल्या माणसांचे जुने फोटो बघ.
आता खाण्याचं. तुझं खरं दुखणं तिथं आहे. मेसमधी पातळ वरण आणि भाताचा ढीग, त्यानं अंग कसं धरंल? व्यायाम करणाऱ्याला किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धर, म्हणजे तुला दिवसाला ८०. सोयाबीन वडी ५० ग्रॅम भिजवून भाजीत टाकली की २५ ग्रॅमच्या आसपास तिथंच आलं. एका अंड्यात ६. मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, मटकीची उसळ, अर्धा लिटर दूध, सगळं मोंढ्यात नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणात मिळतं. सोयाबीननं मर्दानगी जाते असं जे पोरं म्हणतात ते साफ खोटं आहे, नेहमीच्या खाण्यानं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी होत नाही हे तपासून झालेलं आहे. आणि गावाकडून येताना डबा नको म्हणू नको, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या भाकरी, तूप जे देतील ते आण.

इंटर्नशिपवाला
मी मेडिकलला आहे, इंजेक्शनचं वाचून लिहायलो. त्याला हात लावू नको, ही विनंती समज.
बाहेरून टेस्टोस्टेरॉन मारलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, मग तो वृषणांना काम करायचा निरोपच पाठवत नाही. वृषण आकसतात, शुक्रजंतू कमी होतात, काहींचे पूर्ण बंद. त्यातलं काही हार्मोन शरीरात इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) बनतं, त्यानं छातीवर बायकांसारखी गाठ येते, ती मोठी झाली की ऑपरेशनच करावं लागतं. बंद केल्यावर स्वतःचं हार्मोन परत यायला महिने लागतात, कुणाकुणाला त्याहून जास्त. त्यात बाटलीत खरंच काय आहे ते आणून देणाऱ्याला बी माहीत नसतं. विशीतलं पोरगं, ज्याचं स्वतःचं हार्मोन आत्ता ऐन भरात आहे, त्यानं ते कामून बंद पाडावं?
उंचीचं सांगतो. हाडाच्या टोकाच्या वाढपट्ट्या पोरांच्या बहुतेक १६ ते १८ मधी बंद होतात, काहींच्या एकदोन वर्षं पुढं. त्यामुळं उंची वाढवायच्या पावडरी घेऊ नको. पण हाडं भरीव होणं, खांदे-छाती भरणं, दाढी दाट होणं हे पंचविशीपर्यंत आणि पुढं बी चालतं.
तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबानं वजनाचा आकडा, १८ च्या जरा खाली येतो, १८.५ च्या वर पाहिजे. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर तपासून घे. आवाज फुटला नसेल, खालचे केस नसतील, वृषण लहान राहिले असतील तर मात्र लाजू नको, डॉक्टरला दाखव, त्याला उपचार असतात. वजन कमी होत चाललंय किंवा खोकला जात नाही असं असेल तर टीबीची तपासणी बी.

पूर्णाकाठचा
आवाज वगैरे सगळं नीट आहे. दाढीचं वडिलांचं पण उशिराच होतं, आईला विचारलं. मग छातीला नेमकं काय करू, रोज नुसती रनिंग चालू आहे.

ग्राउंड_बहाद्दर
नुसतं पळून छाती भरत नाही रे. १६०० मीटरला २० मार्क आहेत म्हणून पोरं पळतच राहतात, आणि १०० मीटर, गोळाफेक ह्यांचे १५-१५ सोडून देतात. गोळ्याला ताकद लागतेच, मग एका दगडात दोन पक्षी. आठवड्यात तीन दिवस दंड, पुलअप, बैठका, पाठीचा व्यायाम, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. पळणं त्या दिवशी हलकं ठेव. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर ग्राउंडवर थांबू नको, ४२ डिग्रीत ऊन बाधतं. झोप रात्रीची सात तास पाहिजेच, रूमवर बारा-एकपर्यंत रील बघत बसतात तसं नको. छाती टेपनं महिन्यातून एकदाच मोज, रोज मोजून डोकं खराब होतं. आणि त्या इंजेक्शनवाल्याची जिमच बदलून टाक, नाहीतर सरळ एखाद्या तालमीत जा, फी बी कमी पडंल.