ताप नाही, खोकला नाही, तरी पोराला घरी ठेवलंय कधी? बेळगावकरांनो, अनुभव सांगा

शहापूरची सून:
आज व्हॅन परत पाठवली. दुसरीतली लेक दप्तर पाठीला अडकवून उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "मम्मी, आज नको वाटूलालंय." पोट दुखतंय म्हणाली असती तर ओवा चारून पाठवलं असतं! सरळच बोलली, म्हणून माझं काही चाललं नाही.
मला आमचे आण्णा आठवले. मी चौथीत, आज्जी नुकतीच गेलेली. शाळेला म्हणून सायकलवर बसवलं आणि थेट तिसऱ्या रेल्वे गेटला नेलं. मालगाडीचे डबे मोजले, मग खडेबाजारात भजी. घरी आईला "शाळा लवकर सुटली" हेही त्यांनीच ठोकून दिलं.
शाळेच्या ग्रुपवर आता कारण काय लिहू?

खानापूरकर:
ताप लिहा. सगळे तेच लिहितात. आमच्याकडे जुलैत डीसी साहेबच (जिल्हाधिकारी) सुट्टी देतात ओ, पावसाच्या नावानं 😄

बाई (तालुका सांगत नाही):
ताप नका लिहू ताई. पोरगं दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगतं, "टीचर, ताप नव्हता, मामाकडं गेल्तो." "घरी थांबवलंय" एवढं बास. ७५ टक्के हजेरीचं टेन्शन दहावीला, दुसरीला नव्हे.
फक्त वार बघून ठेवा. माझ्या वर्गातला एक मुलगा बुधवार आला की गैरहजर. बुधवारी कन्नडचं डिक्टेशन! घरी मराठी, गल्लीत मराठी, आणि वहीत एकदम ओत्तक्षरं, म्हणजे कन्नड जोडाक्षरं. असल्या पोराला बुधवारी घरी ठेवलं तर पुढच्या बुधवारी भीती दुप्पट. मी त्याला डिक्टेशन बंद करून फळ्यावरचे चार शब्द बघून लिहायला लावले. आता येतो. अक्षरं अजून उलटीपालटी, पण येतो.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:
सुट्टी द्या म्हणायला सोपं आहे. सांभाळायचं कोण? मी फौंड्रीत, बायको शिलाईला. एकदा ठेवला घरी, दिवसभर मोबाईल, संध्याकाळी डोळे लाल आणि वर आमच्यावरच चिडचिड. शाळेत निदान दुपारचं गरम जेवण आहे, बाई लक्ष ठेवतात.

शहापूरची सून:
खरंय दादा. सासूबाई घरात आहेत म्हणून माझं जमतं.

टिळकवाडी ९२:
आमच्या वेळी "नको वाटतंय" म्हटल्यावर बाबांचा पट्टा निघायचा. मनबिन काही नव्हतं तेव्हा 😂

खानापूरकर:
मन होतं की रे, विचारत कोण होतं!

निपाणीकर:
विषय थोडा वेगळा, पण आमच्या पोराचं मन कशानं जातं सांगतो. कोल्हापूरची मामेभावंडं मे संपला तरी खेळत असतात आणि ह्याची शाळा सुरू. त्यांना दिवाळीची मोठी सुट्टी लागते, तोवर ह्याची दसऱ्याची संपलेली. कर्नाटक-महाराष्ट्राच्या सुट्ट्यांचा मेळच बसत नाही. म्हणून भाऊबीजेला जोडून मी दरवर्षी शाळा बुडवतो. बिनदिक्कत.

शिकागोची आत्या:
इथे इलिनॉयमध्ये २०२२ पासून कायदाच आहे. मुलांना मानसिक आरोग्यासाठी वर्षाला पाच दिवस, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. बुडालेला अभ्यास भरून काढू देतात. आणि दुसरा दिवस घेतला की शाळा समुपदेशकाकडे पाठवू शकते, ते मला जास्त आवडलं. बाई म्हणतात तेच झालं, वार बघायचा. बाकी माझा नातू असल्या दिवशी पिझ्झाच मागतो.

टिळकवाडी ९२:
आत्या, येताना चॉकलेटं आणा.

शिकागोची आत्या:
आणते रे. तू कुंदा तयार ठेव.

अनगोळची आई:
माझ्या मुलानं असा दिवस मागितला आणि सकाळभर आजोबांबरोबर शेंगा फोडत बसला. अकरा वाजता म्हणतो, "आता शाळेला सोड." शेवटी दुपारनंतर सोडून आले. त्याला वर्गात मोठ्यानं वाचायचा तास चुकवायचा होता, हे दोन दिवसांनी आजोबांनी सांगितलं. आम्ही आई-बाप विचारून थकलो होतो. शेंगा फोडताना बोलला म्हणे.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:
आजोबा भाड्यानं मिळतात काय? 😄
बाई, ती ओत्तक्षरं घरी कशी घ्यायची? आमच्या दोघांनाही वाचता येत नाहीत.

बाई (तालुका सांगत नाही):
आधी कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, पक्की करा, मग ओत्तक्षर. नलीकलीची (सरकारी शाळेतली खेळत शिकायची पद्धत) जुनी कार्डं कुणाकडं असली तर मागून घ्या. आणि बसचे बोर्ड वाचायला लावा, फुकटचा अभ्यास.

अनगोळची आई:
वडगावात एक काकू संध्याकाळी कन्नड शिकवतात, मारत नाहीत. शिफ्टची वेळ सांगा, विचारून बघते.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:
ह्या आठवड्यात दुपारी तीनला निघतो. बायकोला फोन करायला सांगतो, नंबर मेसेज करा.