बोअरचं पाणी आणि भाताचं तूस

सेक्रेटरी: उद्या मनपाचं पाणी कमी दाबाने येणार. टाकीत बोअरचं सोडतोय. फक्त वापरायला, पिऊ नये.

बी-३०२: दादा, आपण एमआयडीसीला लागून, त्या पाण्यात शिसं-क्रोमियम असेल का हो? भाताच्या तुसाने धातू निघतात असं वाचलं. माहेरी इगतपुरीला तूस ढिगाने पडलेलं असतं. पोती भरून टाकीत सोडली तर?

ए-१०४: मावशी, वाचलंत ते खरंय, पण टाकीत नका सोडू. मी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, सांडपाण्यावर काम करतो म्हणून सांगतो. तूस, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं यांत सेल्युलोज आणि लिग्निन असतं. त्यांवरचे कार्बॉक्सिल-हायड्रॉक्सिल हे रासायनिक गट शिशाचे, कॅडमियमचे आयन (विद्युतभारित कण) धरून ठेवतात. पण पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन त्याच जागा आधी अडवतात, म्हणून शिशाला पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) साधारण ५-६ लागतो. विषारी षटसंयुजी क्रोमियम मात्र २-३ पीएचलाच चांगलं पकडलं जातं. एका पोत्यात सगळं कसं निघणार? शिवाय कच्चं तूस पाण्यात रंग सोडतं, कुजतं.

सी-२०१: काका, टाटा स्वच्छ या पाण्याच्या फिल्टरमध्ये तुसाचीच राख होती ना?

ए-१०४: हो, २००९ मध्ये आला तो. राखेवर चांदीचे नॅनोकण होते, पण ते जंतूंसाठी. धातूंसाठी नाही.

बी-३०२: मग उकळून घेतलं तर? आमच्याकडे पाण्यातले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटरही आहे.

ए-१०४: उकळून धातू जात नाहीत, पाणी आटेल तसं प्रमाण वाढतंच. आणि पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. तुमच्या मीटरवर आकडा एकाने वाढणं म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, मर्यादेच्या शंभर पट! त्याला ते दिसणारच नाही.
तुसाची खरी जागा प्लेटिंगच्या कारखान्यात आहे. चुन्याने धातू खाली बसवले तरी थोडे पाण्यात उरतात, तिथे प्रक्रिया केलेल्या तुसाचा थर लावावा. आपल्या नाशिक जिल्ह्यात भात, ऊस, डाळिंब सगळं पिकतं, माल कमी पडणार नाही. नासर्डी नदीत पाणी उतरण्याआधीच हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. फक्त एक, धातूंनी भरलेलं तूस घातक कचरा होतं. ते शेतात किंवा घंटागाडीत टाकायचं नाही.

सेक्रेटरी: बोअरची तपासणी करून घेऊ. खर्च मेंटेनन्समधून.

ए-१०४: उत्तम. बाटली लॅबकडूनच घ्या, धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं. आणि शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, आर्सेनिक अशी नावं लिहून द्या. नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं तर बहुतेक वेळा क्षार आणि कडकपणाच येतो.