घट्ट हॉट चॉकलेट घरी कसं करायचं? (आणि थंडीत तुमच्याकडे काय शिजतं?)

परभणीची_सून
परभणीची थंडी काय असते ते मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. कृषी विद्यापीठाचा पारा रोज पेपरात खाली सरकतोय आणि पोरं स्वेटर न घालता "मम्मी, हॉट चॉकलेट" करत मागे फिरतायत. दिवाळीत संभाजीनगरला एका कॅफेत प्यायलो होतो, चमचा बुडवला की त्याला धरून राहील इतकं घट्ट. तेव्हापासून घरचं पसंत पडेना. मी ड्रिंकिंग चॉकलेट गरम दुधात ढवळून देते. गोडमिट्ट होतं पण पाणचट, शिवाय खाली गाळ बसतो तो वेगळाच. दूध रतिबाचं, म्हशीचं आहे, त्यात खोट नाही. बेकरी सामानाच्या दुकानात कोको आणि चॉकलेटच्या लाद्या दिसल्या. काय घेऊ? कॉर्नफ्लोअर घालतात का?

आणि सासूबाईंचं म्हणणं, "त्यापरीस माडगं कर." माडगं म्हणजे हुलग्याच्या (कुळथाच्या) पिठाचं गरम पेय; आमच्या माहेरी हुलगे कधी आलेच नाहीत, त्यामुळे तेही येत नाही. दोन्ही सांगा. तुमच्याकडे थंडीत काय करतात तेही लिहा, वाचायला आवडेल.

भगुनं_आणि_रवी
ताई, आधी डबा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात आणि ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये पहिलं नाव बहुतेक साखरेचंच असतं. जास्त घातलं की जास्त गोड होणारच. बिनसाखरेचा कोको आणा, साखर आपल्या हातानं घाला.

पण नुसत्या कोकोनं ते कॅफेसारखं होत नाही. कोकोच्या बियांतलं लोणी (कोको बटर) दाबून काढल्यावर जी पेंड उरते, ती दळून ही पूड होते. १८२८ साली हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेनकडे या पद्धतीचं पेटंट होतं, तेव्हापासून कोको असा सुटा झाला. नेहमीच्या कोकोत १०-१२ टक्केच स्निग्धांश राहतो. काढलेलं लोणी परत आणायचं तर सोबत खरं डार्क चॉकलेट पाहिजे.

दोन कपांसाठी ४०० मि.ली. दूध, २ मोठे चमचे कोको, तेवढीच साखर, ५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून आणि चिमटीभर मीठ. मीठ वगळू नका, त्याच्यावाचून चव बोथट लागते. कोको, साखर, मीठ कोरडंच भगुन्यात घ्या. त्यावर दोन-तीन चमचे कडकडीत पाणी घालून चमच्याच्या पाठीनं घोटा, काळीभोर चकचकीत लेई होईस्तोवर. कोको दुधात विरघळत नसतो, नुसता मिसळून राहतो. एकदम दुधात टाकला की वर गुठळ्या, खाली गाळ. मग दूध थोडं थोडं घालत जा. उकळी आली की गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं आटू द्या, बुड खरवडत ढवळा, साय धरू देऊ नका. गॅस बंद करा, चॉकलेट टाका, मिनिटभर झाका आणि ताकाची रवी घेऊन घुसळा. फेस वर येतो, गाळ राहत नाही. गॅस चालू असताना चॉकलेट टाकलं तर बुडाला लागतं आणि मग तो वास काही केल्या जात नाही.

लातूरचा_बेकर
लाद्यांचं सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. स्वस्त लादी बहुतेक कंपाउंड असते. त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं. केकवर ओतायला ठीक, पण प्यायलं की टाळूला तेलकट थर बसतो. मागे कोको बटर लिहिलंय का बघा, नसेल तर ठेवून द्या.

कॉर्नफ्लोअर चालतं. इटलीत चमच्यानं खायचं हॉट चॉकलेट करतात, त्यात असतंच. दोन कपांना एक छोटा चमचा, गार दुधात कालवून.

भगुनं_आणि_रवी
चालतं, पण म्हशीच्या दुधाला गरज काय? फुल क्रीमला ६ टक्के फॅट असतं, ते आटवलं की झालं. कॉर्नफ्लोअरनं घट्ट होतं, दाट लागत नाही. टोन्ड दूधवाल्यांनी घालावं.

लातूरचा_बेकर
दादा, तुमच्याकडं म्हैस असंल. आमच्याकडं पिशवी येते.

हुलग्याची_काकू
बाई, सासूबाईंचं ऐक, एकदा तरी कर. हुलगे मंद आचेवर खमंग भाजायचे, रंग बदलला आणि वास सुटला की उतरवायचे. भरडून, टरफलं पाखडून, बारीक दळायचे. वाटीभर पाण्याला दोन चमचे पीठ, पण गार पाण्यात कालवून, गरमात टाकलंस तर गोळे झालेच. हात न थांबवता शिजवायचं. कच्चा वास गेला की गूळ, सुंठ, थोडं मीठ. खाली उतरवून जरा निवल्यावर दूध, वरून तूप.

आमच्या रानात लाईट रात्रीची यायची. वडील गव्हाला पाणी द्यायला जायचे आणि पहाटे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून यायचे. आई माडग्याचं भगुनं चुलीच्या वैलावर (बाजूच्या तोंडावर) ठेवून झोपायची. ते पितळीत ओतून, फुंकर मारत, भुर्रकन आवाज करत प्यायचे. त्या आवाजानं आम्ही उठायचो आणि तळाचं दाट ते आमच्या वाट्याला यायचं. त्यासाठी भांडणं व्हायची.

भूमचा_माणूस
आमच्याकडं खव्याच्या भट्ट्या, कुंथलगिरीचा पेढा सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी भट्टीवर गेलं की कढईची खरवड मिळायची, गरम, जरा करपट, अजून तशी चव कशाला नाही. म्हणून माझा सल्ला: एक मोठा चमचा ताजा खवा थोड्या गरम दुधात मोडून हॉट चॉकलेटमध्ये घाला. साखर कमी करा.

लातूरचा_बेकर
कणी राहत नाही का?

भूमचा_माणूस
शिळा असेल तर राहते. गाळणीतून चमच्यानं दाबून घ्या.

येळवस_प्रेमी
हॉट चॉकलेटशी संबंध नाही, पण ताईंनी विचारलंय म्हणून. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दुसऱ्या दिवशीची भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, तापवलेली, बाजरीच्या उंड्यासोबत (उकडलेल्या गोळ्यासोबत). बस्स.

आणि एक प्रश्न, चॉकलेटमध्ये साखरेऐवजी गूळ चालतो का?

हुलग्याची_काकू
उकळत्या दुधात टाकलास तर फाटायची भीती. बंद करून, जरा निवल्यावर घाल.

परभणीची_सून
सगळ्यांचे आभार. रविवारी केलं, रवी घेऊन. गाळ नाही, पाणचट नाही. पोरांनी कप बोटानं पुसून खाल्ले. सासूबाईंनी एक घोट घेतला, "कडू हाय" म्हणाल्या, दोन चमचे साखर घातली आणि मग पूर्ण संपवलं. खवा आमच्या ह्यांनी घालून बघितला, फार जड झालं, अर्ध्या कपातच पोट भरलं. हुलगे आणलेत, भाजायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.

उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं होतं, ते खिरीपेक्षा घट्ट झालंय. टाकून द्यायचं का?

भगुनं_आणि_रवी
अजिबात नाही. कोको बटर गार झालं की आळतंच. पाव कप दूध घालून बारीक गॅसवर हलवा, परत घुसळा. दोन दिवसांत संपवा म्हणजे झालं. नाहीतर कुल्फीच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये टाका, पोरं थंडीतही खातील.