न्यूट्रलला आरपीएम वरखाली होतो, एसी लावला की गाडी बंद पडते (जुनी छोटी पेट्रोल गाडी)

जुनी_पण_आपली:
नमस्कार मंडळी, गाडी 14 वर्षं जुनी आहे, 3 सिलिंडर, पेट्रोल, फ्युएल इंजेक्शनवाली. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते आणि मस्त चालते, काही तक्रार नाही. पण दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन गरम झालं की सिग्नलला न्यूट्रल केल्यावर काटा आपोआप 1500 पर्यंत चढतो, मग धपकन 700 ला पडतो, परत चढतो, असं हूं-हूं-हूं चालूच राहतं. त्यात एसी लावला तर पडलेला काटा वर येतच नाही आणि गाडी बंद. मागचे हॉर्न वाजवतात, हात थरथरतात अक्षरशः. आई शेजारी बसलेली असली की तिला जास्त टेन्शन.

आतापर्यंत प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग) साफ करून घेतली, दोन दिवस बरं वाटलं मग परत तेच. आता ते म्हणतात सगळे सेन्सर बदलून बघू एकेक करून. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. पळताना पिकअप चांगला आहे, मिसिंग नाही. बदलू का सेन्सर?

स्पॅनर_१०_१२:
थांबा, अजून काहीही बदलू नका. पळताना पिकअप चांगला आणि मिसिंग नाही म्हणताय, म्हणजे प्लग, कॉइल, पेट्रोल पंप यांच्यामागे लागण्यात आत्ता अर्थ नाही. काटा असा झोके घेतोय म्हणजे मला हवेवर संशय आहे, कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय.

काय होतं सांगतो. न्यूट्रलला थ्रॉटलची झडप बंद असते, इंजिनला लागणारी थोडीशी हवा आयडल व्हॉल्व्हमधून मोजून जाते. आता एखादा व्हॅक्यूम पाईप फुटला तर तिथूनही हवा शिरते आणि आरपीएम चढतो. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बघतो की एक्सलेटरवर पाय नाही तरी आरपीएम एवढा, म्हणजे ड्रायव्हरने पाय उचललाय आणि गाडी नुसती घरंगळतेय, म्हणून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो. पडला की परत पेट्रोल देतो, परत चढतो. तुमचं हूं-हूं ते हेच असावं. आणि सकाळी त्रास का नाही, तर थंड इंजिनला ईसीयू स्वतःच आरपीएम वर ठेवतो, जास्तीची हवा त्यात खपून जाते.

बॉनेट उघडा आणि इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या) लागणारा प्रत्येक रबरी पाईप हाताने वाकवून बघा. नुसतं वरून बघून कळत नाही, चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला किंवा क्लिपच्या कडेला असते.

कार्बनवाला:
वरच्यांशी सहमत, पण एक राहिलं. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर ईसीयूला आयडल (न्यूट्रलचा आरपीएम) परत शिकवलं का? बऱ्याच गाड्यांत ईसीयूला जुन्या कार्बनसकटची झडप सवयीची झालेली असते, साफ केल्यावर हवा वाढते आणि काटा नाचतो. मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते, साधारण इंजिन गरम करून, एसी, लाईट, पंखा सगळं बंद ठेवून काही मिनिटं नुसतं न्यूट्रलला चालू ठेवायचं. पण तुमचा त्रास साफसफाईच्या आधीपासून आहे, त्यामुळे एवढ्यावर सुटेल असं वाटत नाही.

स्कॅनर (ईसीयूतली रीडिंग दाखवणारं यंत्र) मिळाला तर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, टेंपरेचर पण बघा. इंजिन पूर्ण गरम असताना रीडिंग 85-95 च्या आसपास हवं. सेन्सर 30 दाखवत असेल तर ईसीयू गाडी थंड समजूनच पेट्रोल ओततोय. रीडिंग बघितल्याशिवाय सेन्सर बदलणं मला तरी पटत नाही.

जुनी_पण_आपली:
मी एका व्हिडिओत बघितलं की कार्ब क्लीनर पाईपांवर मारायचा आणि आरपीएम बदलला की लीक सापडला. करू का?

स्पॅनर_१०_१२:
नका करू हो, कळकळीने सांगतोय. तो स्प्रे पेट घेतो, खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, एखादी वायर ठिणगी मारत असेल तर बॉनेटखाली भडका. साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत घ्या, पाईपच्या जोडांवर थोडं थोडं मारा, कॉइल आणि कनेक्टरवर नाही. फट असेल तिथे पाणी आत ओढलं जातं, फुसकारा बदलतो, कधी आरपीएम पण क्षणभर सावरतो. नाहीच सापडलं तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, जिथून धूर बाहेर येईल तिथे लीक.

ब्रेक बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा भाग) जाड पाईप विसरू नका. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल, तसंच दाबून धरून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर तिथे गडबड आहे आणि मग तो आयडलचा नाही, ब्रेकचा प्रश्न आहे, तशी गाडी चालवू नका.

जुनी_पण_आपली:
सापडलं!! रविवारी थंड इंजिनवर एकेक पाईप वाकवत बसलो. ब्रेकची टेस्ट नीट आली. पीसीव्ही व्हॉल्व्हपासून (इंजिनातली ऑइलची वाफ परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डला जाणारा कोपरासारखा वळलेला छोटा पाईप आहे, वरून अगदी धडधाकट दिसतो, पण बोटाने खालून दाबला तर बोट चिकट झालं, उलटा करून पाहिला तर वळणावर नखाएवढी चीर, ऑइलने मऊ पडून रबर फुगलेलं. पाईप वाकवला की चीर तोंडासारखी उघडते. गॅरेजमध्ये हे कोणी बघितलंच नव्हतं याचं वाईट वाटलं.

नवीन पाईप टाकला, क्लिप पण नवीन. बॅटरीची वायर काढून लावली आणि मॅन्युअलप्रमाणे आयडल शिकवलं. आता गरम इंजिनला काटा 800 वर थांबतो. एसी लावला की क्षणभर 700 ला जातो आणि परत येतो, बंद पडत नाही. हे एवढं नॉर्मल आहे ना?

कार्बनवाला:
वा, मस्त! हो, कंप्रेसर लागताना क्षणभर बुडी मारून सावरणं चालतं. पण पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून एकदा हलवून बघा, साधा व्हॉल्व्ह असेल तर आतून खुळखुळ आवाज आला पाहिजे. ऑइलने चिकटून बसला असेल तर तोही बदला, नाहीतर नवीन पाईप पण लवकर मऊ पडेल.

जुनी_पण_आपली:
आत्ताच काढून पाहिला, खुळखुळ अजिबात नाही, काळं चिकट भरलंय. उद्या बदलतो. स्पॅनरदादा, तुम्ही थांबवलं नसतं तर मी सेन्सरच घेत बसलो असतो, मनापासून आभार तुम्हा दोघांचे.