उच्चभ्रू मंडळींची भाषा: संस्कार की दारावरचा पहारा?

धागाकर्ती

परवा एका बैठकीत चित्रांवर गप्पा चालल्या होत्या. एक तरुण मुलगा फार मन लावून बोलत होता. बोलता बोलता तो एका डच चित्रकाराचं नाव 'व्हॅन गॉग' असं म्हणाला आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिसऱ्याने पुढच्याच वाक्यात 'व्हॅन गो' असं ठासून म्हटलं. मुलगा जो गप्प झाला, तो झालाच.

'गो' हा अमेरिकी उच्चार. इंग्लंडमध्ये बरेच जण 'गॉफ' म्हणतात आणि डच माणूस साधारण 'फान खोख'. म्हणजे चूक-बरोबर काही चित्रकाराच्या भाषेवरून ठरलं नव्हतं, त्या खोलीतल्या माणसांवरून ठरलं होतं. अशा वर्तुळांची भाषा बोलण्यासाठी कमी आणि माणसं गाळण्यासाठी जास्त वापरली जाते, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १

असहमत. त्या तिघांचं वागणं वाईटच, पण दोष भाषेला का? एकत्र बसणाऱ्यांची बोली तयार होतेच, मग ते वकील असोत की गवंडी.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मार्किज द रांबुये या उमराव बाईंच्या दिवाणखान्यात सरदार आणि लेखक एकत्र बसत, आणि संभाषण कसं चालावं हे ठरवणारी ही बाईच होती. तिथे येणाऱ्या व्होजला या व्याकरणकारांनी १६४७ साली फ्रेंच भाषेवर लिहिताना शंका आली तर ग्रीक-लॅटिनच्या पंडितांपेक्षा स्त्रियांना विचारा, असा सल्ला दिला! ज्यांना विद्यापीठाचं दार बंद होतं, त्यांच्या बोलण्याला तिथे मान मिळाला. याला तुम्ही पहारा म्हणणार?

प्रतिसाद २

धागाकर्तीशी सहमत. वरच्या प्रतिसादातली अर्धी गोष्ट राहिली: त्याच व्होजलांनी चांगली भाषा म्हणजे दरबारातल्या जाणत्यांची भाषा, अशी व्याख्या केली. बाकीचा देश बाहेरच.

१९५४ साली ॲलन रॉस या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी तर सरळच लिहिलं की वरचा वर्ग आता शिक्षणाने, स्वच्छतेने किंवा पैशानेही वेगळा उरलेला नाही, उरला आहे तो फक्त भाषेने. आरशाला 'लुकिंग-ग्लास' म्हणणारा आतला, 'मिरर' म्हणणारा बाहेरचा. जेवताना घ्यायच्या रुमालाला 'नॅपकिन' म्हणणं आतलं, 'सर्व्हिएट' म्हणणं बाहेरचं. गोम अशी की नाजूक, फ्रेंच वळणाचा शब्द धडपडून शिकणारा माणूसच त्यात पकडला जायचा.

प्रतिसाद ३

'र'चं उदाहरण बघा. १९६२ मध्ये विल्यम लबॉव्ह हे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेले आणि उत्तर 'फोर्थ फ्लोअर' येईल असाच प्रश्न विक्रेत्यांना विचारत राहिले. या दोन शब्दांतला 'र' कोण उच्चारतं आणि कोण गाळतं, हे त्यांना ऐकायचं होतं. सर्वांत महागड्या दुकानात ६२ टक्के विक्रेत्यांच्या बोलण्यात 'र' ऐकू आला, मधल्यात ५१ टक्के, स्वस्त दुकानात जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या. इंग्लंडमध्ये नेमकं उलटं, तिथे या जागी 'र' गाळणं प्रतिष्ठेचं. ध्वनी तोच, मग सुसंस्कृतपणा त्या 'र'मध्ये आहे की नसण्यात?

प्रतिसाद १

'र'पुरतं मान्य. पण शब्द नेमका वापरावा, समोरच्याचं पूर्ण ऐकून मग बोलावं, हेही अशाच बैठकींनी जपलं. ते टाकून द्यायला मी तयार नाही. आणि ताई, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही त्या खोलीत होतात. तुम्ही काय बोललात?

धागाकर्ती

काहीच नाही. ते मला टोचत होतं म्हणूनच धागा काढला. ऐकून घेण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. त्या दिवशी तेच तर झालं नाही, माझ्याकडूनही.

आज त्या मुलाला फोन केला. तो व्हॅन गॉगच्या 'शयनगृह' या १८८८च्या चित्राबद्दल सांगत होता. आज त्यातल्या भिंती निळ्या दिसतात, पण रंगवल्या होत्या फिकट जांभळ्या. त्या जांभळ्यातला लाल रंग काळाच्या ओघात उडाला. खोलीतल्या आम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं.