मदत हवी आहे : घाट नसलेल्या टप्प्यात शर्यत नेमकी कुठे फुटते, हे आधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

तूर द फ्रान्स या जुलैतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीच्या सपाट टप्प्यांबद्दल मदत हवी आहे. प्रश्न सायकल चालवण्याचा नाही, शर्यत सुरू व्हायच्या आधी ती वाचण्याचा आहे. थोडं लांबेल, पण आधीचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट पोचणार नाही.

माझे वडील तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तीन वेळा उतरले होते. बक्षीस मिळालं नाही, पण बोरघाटात त्या वर्षी जो 'घाटाचा राजा' ठरला त्याच्या चाकामागे आपण दोन वळणं टिकलो, हे ते अजून सांगतात. काचबिंदूमुळे आता त्यांना पडद्यावरचं दिसत नाही आणि इंग्रजी समालोचन इतकं भरभर जातं की कानाला काही लागत नाही. म्हणून जुलैचे तीन आठवडे मी रोज दुपारच्या चहाला त्यांना त्या दिवसाच्या टप्प्याबद्दल मराठीत पानभर लिहून वाचून दाखवते. रस्ता कुठून कुठे, अंतर किती, चढ कुठे, आज कोणाचा दिवस. मग रात्री नऊच्या आसपास टप्पा संपेपर्यंत मी बघत सांगते, ते ऐकतात.

डोंगराच्या टप्प्याला अडचण येत नाही. चढ किती लांब, किती टक्क्यांचा, माथ्यापासून शेवट किती दूर, एवढं सांगितलं की बाबांच्या डोळ्यांसमोर रस्ता उभा राहतो. सपाट टप्प्याला मात्र ते दर वेळी एकच विचारतात, "कोण जिंकणार ते राहू दे. घाट नाही, मग शर्यत फुटणार कुठे?" माझ्याकडे याचं उत्तर एकच असायचं, शेवटच्या दोनशे मीटरला.

२०२५ सालच्या तूरमध्ये हे उत्तर पहिल्याच दिवशी खोटं ठरलं. ५ जुलै, लील ते लील, १८४.९ किलोमीटर. मी लिहिलं होतं, मर्लियर, मिलान आणि फिलिपसन या तीन स्प्रिंटरांत, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणाऱ्यांत, शेवटी झुंज. प्रत्यक्षात सतराएक किलोमीटर उरले असताना आडव्या वाऱ्यात व्हिस्मा संघाच्या गड्यांनी वेग वाढवला आणि जथा, म्हणजे एकत्र चाललेला मुख्य घोळका, फाटला. टिम मर्लियर आणि योनाथन मिलान दोघंही मागच्या तुकड्यात अडकले. यास्पर फिलिपसन पुढे होता, तो जिंकला आणि एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची पिवळी जर्सीही त्यालाच मिळाली. एकूण वेळेत वर राहू पाहणाऱ्या एव्हेनपूल आणि रोग्लिच यांचे ३९ सेकंद गेले, तेही असल्या टप्प्यात जिथे एकूण वेळेला धक्का लागणार नाही असं मी बाबांना सांगून बसले होते.

दुसरा धडा १३ जुलैचा. शिनाँ ते शातोरू, १७४.१ किलोमीटर. शातोरू म्हणजे स्प्रिंटरांचं गाव. स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश तिथे २००८, २०११ आणि २०२१ असा तीनदा जिंकलेला, त्यातला २००८चा तर त्याचा तूरमधला पहिला विजय. मी डोळे मिटून लिहिलं, जथ्याचा स्प्रिंट. आणि पहिल्याच किलोमीटरला मॅथ्यू व्हॅन डर पुल आणि योनास रिकार्ट हे एकाच संघाचे दोघे निसटले. पाच मिनिटांच्या वर आघाडी. शेवटी शेवटी रिकार्ट गळाला, पण व्हॅन डर पुल एकटा शेवटच्या किलोमीटरची लाल पताका पार करून आत आला आणि मगच सापडला! मर्लियर जिंकला, मिलान दुसरा. कागदावर माझं भाकीत बरोबर निघालं, पण त्या रात्री बाबा खुर्चीच्या कडेला बसून "सापडला का, सापडला का" विचारत होते आणि त्या साडेतीन तासांबद्दल माझ्या पानात एक ओळ नव्हती.

माझे प्रश्न असे. वारा शर्यत फोडेल की नुसताच वाहील, हे टप्प्याच्या नकाशावरून कसं कळतं? निसटलेला गट सापडणार की नाही, याचा काही हिशोब असतो का? आणि शेवटच्या पाच किलोमीटरबद्दल नेमकं काय सांगावं, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला तो रस्ता समजेल?

मावळवारा :

ताई, वाऱ्यापासून सुरुवात करू, कारण सपाट टप्प्याचा घाट म्हणजे वाराच.

हवामानाच्या अंदाजात दिशा दिलेली असते ती वारा येतो कुठून याची. नकाशावर रस्त्याची दिशा काढा आणि दोन्ही एकावर एक ठेवा. समोरून वारा असेल तर सगळे एकमेकांच्या आडोशाला गोळा होतात, निसटणाऱ्याचे हाल होतात आणि जथा एकत्र राहतो. कुशीतून वारा असेल तर आडोसा थेट मागे मिळत नाही, तिरका मिळतो. मग बगळे उडताना तिरकी रांग धरतात तशी रांग लागते, तिला इशेलॉन म्हणतात. रस्त्याच्या रुंदीत दहा-पंधरा जणच त्या रांगेत मावतात. सोळाव्याला गटाराच्या कडेने एकट्याने वारा खावा लागतो. त्याने पुढच्याचं चाक सोडलं की त्याच्या मागचे सगळे तुटले. लीलला हेच झालं.

पण नुसता आडवा वारा पुरत नाही. दुतर्फा झाडी किंवा गावं असतील तर काही होत नाही. धोक्याची जागा म्हणजे जिथे रस्ता वळतो आणि त्याच वेळी झाडी संपून उघडं शेत लागतं. संगणकावर रस्त्याचे फोटो बघत शेवटचे चाळीस किलोमीटर फिरून या आणि अशी वळणं लिहून ठेवा. तासभर जाईल, पण बाबांना 'फुटणार कुठे' याचं उत्तर किलोमीटरच्या आकड्यासकट देता येईल.

जुना_गडी :

पाठलागाचा एक जुना हिशोब आहे. रोबेर शापात् म्हणून फ्रेंच सायकलपटू होते, पुढे दूरचित्रवाणीवर समालोचन करायचे. त्यांचा ठोकताळा असा की जोर लावलेला जथा दर दहा किलोमीटरमागे एक मिनिट कापतो. म्हणजे तीस किलोमीटर उरले असताना आघाडी तीन मिनिटांच्या आत असेल तर निसटलेले सापडतात.

आता शातोरूला हा हिशोब का ताणला गेला ते बघा. पुढचे ताशी ५०ने जात असतील तर दहा किलोमीटरला १२ मिनिटं लागतात. एक मिनिट कापायला जथ्याने ते ११ मिनिटांत, म्हणजे साधारण ताशी ५४.५ने जायला हवं. पुढचे ५५ने जात असतील तर जथ्याला ६०च्या वर जावं लागेल. शिवाय वारा पाठीमागून असेल तर आडोशाचा फायदा कमी होतो, म्हणजे शंभर जण असण्याची किंमत घटते. त्या दिवशी अख्ख्या टप्प्याचा सरासरी वेग ताशी ५०.०१३ निघाला. घड्याळाविरुद्धचे टप्पे सोडले तर तूरच्या इतिहासात तोवर याहून वेगवान टप्पा एकच होता, १९९९चा लाव्हाल ते ब्ल्वा, चिपोलिनी जिंकलेला, ५०.३५५. तेव्हा पाठीचा वारा दिसला की बाबांना सांगून ठेवा, आज निसटणाऱ्याला आशा आहे.

दुसरं, कोण घरी गेलंय ते बघत चला. फिलिपसन तिसऱ्या दिवशी, डंकर्कच्या टप्प्यात, वाटेत गुणांसाठी असलेल्या मधल्या स्प्रिंटच्या वेळी पडला आणि शर्यतीबाहेर गेला. एरवी शेवटच्या किलोमीटरात त्याला पुढे काढून देणारे गडी कोण? हेच रिकार्ट आणि व्हॅन डर पुल. ज्याच्यासाठी जोर राखून ठेवायचा तोच उरला नाही, म्हणून ते दोघे मोकळे झाले. माझ्या मते त्या टप्प्याचं बीज सहा दिवस आधी पडलं होतं, आणि हे आदल्या रात्री लिहिता आलं असतं.

मावळवारा :

शेवटच्या पाच किलोमीटरबद्दल राहिलं होतं.

डोळे मिटून ऐकणाऱ्याला वळणं मोजून सांगा. शेवटचं वळण रेषेपासून किती मीटरवर, हे सगळ्यांत महत्त्वाचं. ते तीनशे मीटरवर असेल तर त्या वळणात पहिल्या चार-पाचांत जो नाही तो संपला. सरळ रस्ता दोन किलोमीटरचा असेल तर मागून येणाऱ्याला वाव असतो आणि संघाची आगगाडी, म्हणजे स्प्रिंटरला पुढे ओढून नेणाऱ्या गड्यांची रांग, लांब असावी लागते. शेवट किंचित चढता आहे का, तेही बघा. २०२५मध्ये लाव्हालला तसा होता, तिथे मिलानसारखा ताकदीचा गडी वरचढ ठरला, व्हॅन आर्ट दुसरा आला. समोरून वारा असेल तर जो उशिरा सुटतो त्याचा फायदा, पाठीचा असेल तर लवकर सुटणाऱ्याचा.

आणि एक नियम सांगून ठेवा. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरांत कोणी पडला किंवा सायकल बिघडली तर त्याला तो ज्या गटात होता त्याचीच वेळ मिळते. अलीकडे काही टप्प्यांना ही हद्द पाच किलोमीटरपर्यंत वाढवतात. म्हणून एकूण वेळेवर नजर असलेले संघ त्या खुणेपर्यंत पुढे घुसतात आणि मग बाजूला होतात. स्प्रिंटरांच्या आगगाड्यांची खरी रेटारेटी तिथे होते. बाबांना ती जागा आधी माहीत असेल तर आवाजावरूनही त्यांना कळेल.

आगगाडी नसली तरी जिंकता येतं, हेही सांगा. ३ जुलै २०२४ला सँ-व्हुल्बाला कॅव्हेंडिशने तूरमधला आपला ३५वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला, तेव्हा तो वयाच्या ३९व्या वर्षी एकाच्या चाकावरून दुसऱ्याच्या चाकावर उड्या घेत पुढे आला होता.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तुमचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. गटाराच्या कडेचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, घाट चढून लोणावळा मागे टाकलं की कामशेतच्या पुढे उघड्यावर वारा कुशीत यायचा, आणि घाटात टिकलेली माणसं तिथे गळायची. "आम्हाला वाटायचं घाटाने मारलं. मारलं वाऱ्याने." चाळीस वर्षं मी त्यांच्या शर्यतींच्या गोष्टी ऐकतेय, ही कधी ऐकली नव्हती.

सराव म्हणून शातोरूचं पान पुन्हा लिहिलं आहे. सुरुवात अशी:

"आज घाट नाही. वारा पाठीशी आहे, म्हणून आज जो लवकर निसटेल त्याला सोपं धरू नका. फिलिपसन नाही, म्हणजे त्याचे दोन गडी मोकळे आहेत. मर्लियर आणि मिलान यांच्या संघांना पाठलाग करावाच लागेल, कारण टप्पा जिंकणाऱ्याला हिरव्या जर्सीचे, म्हणजे गुणांच्या स्पर्धेचे, ५० गुण आहेत. तीस किलोमीटर उरले की मला आघाडी विचारा. तीन मिनिटं असेल तर चहा ठेवू नका, बसून राहा."

यात वाऱ्याची दिशा बदलणाऱ्या वळणांचे किलोमीटर अजून घालायचे आहेत. शिनाँहून शातोरूला जाताना रस्ता एकंदर पूर्व-आग्नेयेकडे जातो, पण मध्ये बराच वळतो. ती वळणं रस्त्याच्या फोटोंवरून काढून उद्या इथे टाकते. मावळवारा, त्यातली कुठली उघडी आणि कुठली झाडीतली, हे माझ्याबरोबर एकदा तपासून द्याल का?