‘अमेझिंग ग्रेस’ची चाल कुणाची, आणि दादऱ्यात सम कुठे?

कॅम्प_कॉयर: पुण्यात रविवारच्या उपासनेसाठी हे इंग्रजी ख्रिस्ती गीत हार्मोनियम-तबल्यावर बसवतोय. शब्द आणि चाल दोन्ही जॉन न्यूटनला वादळातल्या जहाजावर सुचली, असा मेसेज फिरतोय. निवेदनात हे सांगावं का? शिवाय दादऱ्याच्या (सहा मात्रांचा ताल) समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, ‘धा’ पहिल्या अक्षराला दिला की ठेका आणि गाणं जुळत नाही.

जुनी_पोथी: नका सांगू. न्यूटनचे फक्त शब्द. वादळ मार्च १७४८ मधलं. गीत १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी लिहिलेलं, तेही इंग्लंडातल्या ऑल्नी गावात पाळक असताना. आधार बायबलमधला १ इतिहास १७:१६-१७, म्हणजे दाविदाची प्रार्थना. वादळानंतर त्याने गुलामांचा व्यापार लगेच सोडला, हेही खोटं. उलट पुढे तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्याच धंद्यात फिरला. विरोधाची पुस्तिका थेट १७८८ ची.

१७७९ च्या ‘ऑल्नी हिम्स’ या गीतसंग्रहात सहा कडवी छापली, पण स्वरलिपी नव्हती. चाल अमेरिकेतली. १८२९ च्या ‘कोलंबियन हार्मनी’ या गीतपुस्तकात ती दुसऱ्याच शब्दांना लावलेली दिसते. १८३५ मध्ये विल्यम वॉकरने ‘सदर्न हार्मनी’त ती न्यूटनच्या शब्दांना जोडली, तिथे तिचं नाव ‘न्यू ब्रिटन’. रचनाकार अज्ञात, म्हणून ‘पारंपरिक’ म्हणा. न्यूटनने ती गुलामांकडून ऐकली, याला पुरावा नाही.

‘दहा हजार वर्षं’ असा उल्लेख असलेलं शेवटचं कडवंही त्याचं नाही. ते १७९० मध्ये दुसऱ्या गीतात छापलेलं आहे, आणि १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’ कादंबरीत न्यूटनच्या कडव्यांना जोडून येतं.

अष्टाक्षरी: ही जोडाजोड शक्य झाली ती ८-६-८-६ अक्षरांच्या मापामुळे. त्याला कॉमन मीटर म्हणतात. हेच शब्द ‘सेंट ॲन’च्या चालीवरही बिनतक्रार बसतात, लहान अभंगाला चाल बदलावी तसंच.

पांढरी_पाच: आता ठेका. पहिलं अक्षर समेवर नाहीच, ते सहाव्या मात्रेवर. उचल (समेआधीचा स्वर) मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, प वर घ्या आणि दुसरं अक्षर ‘सा’ समेला आणा. पहिली ओळ अशी (प्रत्येक उभ्या रेघेनंतर तीन मात्रा, शेवटच्या भागातली तिसरी मात्रा पुढच्या उचलीची; सम पहिल्या आणि तिसऱ्या रेघेनंतर; ऽ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा, ‘गसा’ एकाच मात्रेत):

मंद्र प । सा ऽ गसा । ग ऽ रे । सा ऽ मंद्र ध । मंद्र प ऽ

एक ओळ म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं, कडवं आठ आवर्तनांत संपतं. तबलजीने उचलीला गप्प राहायचं, बस.

स्वर भूप रागाचेच पाच, म-नी वर्ज्य, म्हणजे घ्यायचे नाहीत. हार्मोनियमवाले ग वरून प वर जाताना हौसेने म चाटतात, तो टाळा. चाल मंद्र प ते मध्य प एवढ्यात फिरते. पांढरी पाच (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी) सा धरला तर स्त्रियांना सोयीचं. सकाळचे आवाज जड असतील तर पांढरी चार. पांढरी एक घेतली तर बायकांना खालचा प लागणार नाही.

कॅम्प_कॉयर: मराठी ओळ ‘येशू’ने सुरू होते. मग ‘शू’वर जोर येतो आणि कानाला खटकतं.

पांढरी_पाच: उचल सोडून द्या. ‘ये’ समेवर दोन मात्रा, ‘शू’ पुढच्या गसा वर. एक अक्षर उरेल. ते ओळीच्या शेवटी, पुढच्या ओळीच्या उचलीच्या जागी बसवा. दुसऱ्या ओळीत मात्र असं उरलेलं अक्षर लांबवलेल्या प वर जाईल. चारही ओळी तशाच ठेवा. एका ओळीत उचल आणि दुसरीत नाही असं झालं तर मंडळी हमखास चुकते.